शनिवारची संकष्टी

डब्लिन, ओहायो, १४ ऑगस्ट

॥ श्रीगजानन प्रसन्न ॥

वन्सं,

आम्हां उभयतांचा नमस्कार घ्यावा. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि परीक्षितने तुमच्या टॅब्लेटवर जी अक्षरं लावून दिली आहेत ती आपल्या मराठीचं काय वाटेल ते करतात. मागच्या खेपेला मी ‘चकली केली’ म्हणाले, तर तुम्ही विचारलंत, हे चक ली कोण पाहुणे आलेत. तेव्हा पत्रच बरं. हिशेबाच्या वहीची मागची पानं दरवर्षी कोरी राहतात, तीही कामी येतील.

मागे जे कळवलं नाही ते आता कळवते. जुलैत इथे दक्षिणेकडे पूर आला. यांचं ते स्वयंसेवक वैमानिकांचं स्क्वाड्रन, त्यांना बोलावणं आलं. पगार नाही, पाणी नाही, गणवेशसुद्धा स्वतःच्या खिशातून. पण बोलावणं आलं की हे ताटावरून उठतात. वरून रस्त्यांचे, पुलांचे फोटो काढायचे आणि खाली मदत करणाऱ्यांना द्यायचे. तीन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी उतरताना विमान धावपट्टी सोडून गवतात गेलं. एक चाक मोडलं. यांना खरचटलंही नाही. वारा आडवा आला, म्हणाले. पण बरोबरच्या माणसाने मला हळूच सांगितलं की वारा काही फार नव्हता.

मी त्याच दिवशी गजाननाला बोलले. एक वर्षभर दोघांनी संकष्टी करायची, पाण्यावरची. साबुदाणा नाही, फळ नाही, दूध नाही. चंद्र उगवला की नैवेद्य, मग जेवण. नवसात आपणच सूट मागितली तर तो नवस कसला? यांना सांगितलं तेव्हा म्हणाले, “मला न विचारता माझं पोट गहाण टाकलंस?” मग म्हणाले, बरं. वाद न घालता बरं म्हणाले, याचंच मला नवल. परवाच्या अंगारकीपासून सुरुवात केली.

तुमची उर्वी आता त्याच स्क्वाड्रनच्या मुलांत जाते. रेणूने लेकीचं हे सांगितलं असेलच. निळा गणवेश स्वतः इस्त्री करते, शनिवारी परेड करते, नकाशे वाचते. मामेआजोबांच्या विमानात बसायचं म्हणून दिवस मोजते आहे.

तुमची,
शुभा

ईडन प्रेरी, २२ ऑगस्ट

चि. सौ. शुभा हिस अनेक आशीर्वाद.

नवस तुझा आणि उपवास चारूचा, ही वाटणी बरी केलीस. आमच्या वेळी नवऱ्याला यात कोणी ओढत नसे. थट्टा करते गं, रागावू नकोस.

चाक मोडल्याचं वाचून जीव खालीवर झाला. सदुसष्टाव्या वर्षी पेन्शनरांनी बागेत पाणी घालावं, हा ढगात जातो. लहानपणी झाडावरून उतरायचा नाही, मी खाली उभी राहून हाका मारायची. “ताई, येतोय,” म्हणायचा आणि आणखी वर जायचा.

उर्वीचा फोटो रेणूने पाठवला. टोपी कानावर आली आहे. मी परीक्षितला म्हटलं, ही आपल्या घरातली पहिली पोलीस. तो म्हणाला, आई, पोलीस नाही, पायलट.

पाण्यावरचा उपवास मात्र माझ्या मनात बसत नाही. आमच्याकडे यांना साखर झाली तेव्हा यांची संकष्टी मी बंद केली होती. चारूला तसं काही नाही, तरी वय बघ.

अहिल्या

डब्लिन, १२ सप्टेंबर

॥ श्रीगजानन प्रसन्न ॥

वन्सं,

गणपती बसले आणि गेलेही. शाडूची मूर्ती इथल्या बायका मिळून करतो, विसर्जन बादलीत. परवाची संकष्टी नीट पार पडली.

तुम्ही काळजी करता म्हणून सांगते, उपवास यांना मानवला आहे. पोट उतरलं, पँटी सैल झाल्या, मी दोन आत घेतल्या. पाणी भरपूर पितात. पूर्वी मागे लागून पाजावं लागायचं, आता उशाशी जग भरून ठेवते तो सकाळी रिकामा असतो. त्यामुळे सारखं उठावं लागतं, पण शरीर आतून स्वच्छ होतं असं म्हणतात ना.

परवा एक गंमत झाली. नैवेद्याचे मोदक एकवीस मोजून ठेवले होते. चंद्र उगवायच्या आधी बघते तर एकोणीस. घरात आम्ही दोघंच. मी दोन नवे वळले. पण मला इतका राग आला की रात्रीची आरती मी एकटीनेच म्हणून टाकली. अंगारकीला दिवसभर निभावलं आणि आता शेवटच्या तासाला धीर सुटला? आणि वर माझ्यावरच चिडचिड. त्याच संध्याकाळी एअरपोर्टहून आले ते गॅरेजमध्ये गाडीतच बसून राहिले. मी बघायला गेले तर शर्ट घामाने चिंब. बाहेर गारवा आणि यांना घाम. मला म्हणाले, “दार कुठलं गं?” थकले होते.

उर्वीला आता रेडिओवर कसं बोलायचं ते शिकवतात. आमच्याकडे आली की भात वाढा म्हणायच्या ऐवजी ‘रिक्वेस्ट राइस’ म्हणते.

शुभा

ईडन प्रेरी, २० सप्टेंबर

चि. सौ. शुभास आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. काही विचारते, त्याची उत्तरं लिही. उपवासाच्या दिवशी चारू जांभया देतो का? हात थरथरतात का? एरवीही डोळ्यांपुढे धूसर होतं असं म्हणतो का? पायाला काही लागलं तर लवकर भरून येतं का? डॉक्टरकडे शेवटचा कधी गेला आणि रिपोर्ट तू स्वतः पाहिलास का?

आणि उपवासात साबुदाणा, केळं, दूध खाऊ दे. नवस फिटत नाही वाटलं तर पाप माझ्या माथी घाल. देव एवढा हट्टी नसतो, माणसं असतात.

अहिल्या

डब्लिन, १३ ऑक्टोबर

॥ श्रीगजानन प्रसन्न ॥

वन्सं,

पत्र पोचलं. उत्तराला उशीर केला, कारण राग शमल्यावर लिहावं असं ठरवलं होतं.

तुम्ही विचारलंत ते मी यांना दाखवलं. हसले आणि म्हणाले, “ताईने उलटतपासणी लावली आहे.” सुमंत डॉक्टर आपल्यातले, रिटायर झालेत तरी यांना तपासतात, सगळं ठीक आहे म्हणाले. मी रिपोर्ट पाहिला नाही. मी मॅट्रिक, मला त्यात काय कळणार, हेच तुम्हाला म्हणायचं होतं ना? लग्नानंतर पहिल्या दिवाळीत तुम्ही सासूबाईंना म्हणाला होतात की मुलगी शिकलेली नाही पण हिशेब चोख ठेवते. तेव्हाही मी काही बोलले नव्हते.

माझा नवरा दोन मोदक चोरतो ते मी तुम्हाला विश्वासाने लिहिलं. तुम्ही त्यावरून माझ्या नवसालाच हात घातलात. जुलैत ते वाचले ते कोणामुळे? उपवास सुरू केल्यापासून एकही अपघात नाही. हट्टी म्हणालात ते देवाला की मला, ते मी विचारत नाही.

शुक्रवारची संकष्टी झाली. मोदक पूर्ण होते.

आनंदाची बातमी अशी की उर्वीचं पहिलं उड्डाण ठरलं. आठ नोव्हेंबर, शनिवार सकाळ. पुढच्या सीटवर ती आणि शेजारी हे. दिवसही फार चांगला आला आहे.

शुभा

ईडन प्रेरी, १९ ऑक्टोबर

प्रिय चारू,

हे पत्र तुझ्या एकट्याच्या नावाने पाठवते आहे. शुभाला दाखवू नकोस.

गुरुवारी भाऊबीज. इतक्या लांबून ओवाळणार कशी, म्हणून या वर्षी ओवाळणी मीच मागते. मला पैसे नको, साडी नको. खरं सांग. तुला साखर आहे ना?

पाणी, वजन, घाम, चिडचिड, गाडीत बसून ‘दार कुठलं’ विचारणं. हे सगळं माझ्या घरात सोळा वर्षं होतं. शुभाला वाटतं उपवासाचं तेज आहे. तिचा दोष नाही, तिने कधी पाहिलेलं नाही. सुमंत डॉक्टरांनी तुला गोळी दिली असेल, आणि ती घेऊन तू पाण्यावरचा उपवास करत असशील, तर साखर एकदम खाली जाऊन भान हरपतं. तू विमानात बसूच नयेस.

आठ तारखेला माझी नात तुझ्या शेजारी बसणार आहे.

ताई

डब्लिन, २४ ऑक्टोबर

ती. ताई,

तुझ्यापुढे खोटं बोलायला मला कधी जमलंच नाही. हो, आहे. जुलैत उतरताना रनवे दोन दिसायला लागले होते. सुमंतने टेस्ट केली, आकडा बघून तोच खाली बसला. गोळी चालू आहे.

तू म्हणशील सांग ना शुभाला. सांगितलं की ती दुसऱ्या दिवशी देवळात सांगणार, तिथून ते स्क्वाड्रनमध्ये जाणार. मग फॉर्म, तपासण्या, विमान बंद. या वयात एकदा बंद झालं की परत कोण चावी देतंय? ऑफिसात पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांचे पूल तपासत बसलो यार ताई. पुरात एका म्हाताऱ्याचं छप्पर मी वरून हेरलं, त्याच्यावर तो बसला होता. बोट पाठवली. तो माणूस अजून मला फोन करतो. हे मला सोडवत नाही.

उपवासाला नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. म्हणून बरं म्हटलं. पण घाबरू नकोस, तो प्रॉब्लेम मी सॉल्व्ह केलाय. सप्टेंबरला चुकलो, आता शहाणा झालो. उपवासाच्या दिवशी मी एअरपोर्टवर जाऊन पोटभर खातो. तिथे नेहमी डोनट्स असतात. देवाला माहीत, शुभाला नाही, आणि देव चुगली करत नाही.

आणि आठ तारीख उपवासाची नाहीच. तुमच्या देवळाचं कॅलेंडर बघ, इथे अमेरिकेत संकष्टी शुक्रवारी सातला येते. शनिवारी मी पोहे खाऊन निघेन. उर्वीला एकदा वर नेऊ दे. त्यानंतर मी स्वतःहून सांगतो सगळ्यांना, आणि थांबतो. नववर्षाच्या आत. तुझी शपथ.

चारू

ईडन प्रेरी, ३१ ऑक्टोबर

चारू,

माझी शपथ घालू नकोस, मी अजून जगायचं म्हणते आहे.

देवळाचं कॅलेंडर पाहिलं. पुजाऱ्यांनाही परीक्षितकडून विचारलं. तू म्हणतोस ते बरोबर, शुक्रवारीच आहे. तरी तीन दिवस मला झोप नाही. रेणूला फोन लावायला परीक्षितला सांगितलं आणि त्याने नंबर फिरवल्यावर राहू दे म्हटलं. रेणूला सांगितलं तर ती मुलीला पाठवणार नाही, आणि तुझ्याशी जन्मात बोलणार नाही. तुला मी ओळखते, तू त्याने मोडशील.

म्हणून शेवटचं ऐक. शनिवारी पोटभर खा, खाल्ल्यावरच गोळी घे, आणि उतरल्यावर त्याच दिवशी शुभाला सांग. नववर्ष वगैरे नाही. रविवारपर्यंत परीक्षितला तिचा फोन आला नाही तर मी रेणूला सांगेन.

तोपर्यंत मी तोंड मिटून बसते. हे मी तुझ्यासाठी करते आहे, आणि मला ते बरोबर वाटत नाही.

ताई

डब्लिन, ४ नोव्हेंबर

॥ श्रीगजानन प्रसन्न ॥

वन्सं,

दिवाळीत मनात किल्मिष ठेवू नये म्हणून मागचं सगळं मी सोडलं. तुम्हीही सोडा. मी जरा जास्त लिहिलं. तुमच्यासाठी अनारसे वेगळ्या पार्सलने पाठवले आहेत, तुपाचे आहेत, लवकर संपवा.

शनिवारची तयारी चालली आहे. रेणूला ऑफिसचं काम आहे, ती उर्वीला सोडून जाईल आणि घ्यायला येईल. मग मीच ठरवलं की आपण जायचं. इतकी वर्षं हे उडतात, मी एकदाही तिथे उभी राहून पाहिलेलं नाही. मुलीचं पहिलं उड्डाण, कोणीतरी घरचं खाली असावं. यांना सांगितलं तर म्हणाले, तू कशाला थंडीत, तिथे बसायलाही धड नाही. मी म्हटलं, शाल घेईन. सकाळी निघायचं ते यांच्याबरोबर आणि यायचं तेही यांच्याबरोबर.

आणि दिवस असा की त्या दिवशी संकष्टी आहे. गजाननाच्याच दिवशी पोर पहिल्यांदा आकाशात जाते, याहून चांगलं काय हवं? यांनी परवा सहज म्हणून काढलं, की देवळाच्या कॅलेंडरात शुक्रवारी आहे, आपणही शुक्रवारी करूया का. मी म्हटलं, स्वयंपाकघरात माझ्या माहेराहून आलेलं कॅलेंडर आहे, लग्न झाल्यापासून मी तेच पाळते. त्यात शनिवार छापला आहे. नवस पुण्याच्या गणपतीला बोलायचा आणि तिथी ओहायोची पाळायची, असं कसं चालेल? दोन-तीनदा म्हणाले, मग विषय सोडला. समजूतदार झालेत हल्ली.

उर्वी फोटो पाठवीलच. मीही पाहिलेलं सगळं लिहीन.

शुभा

ईडन प्रेरी, ८ नोव्हेंबर, शनिवार

शुभा,

तुझं पत्र आत्ता पोस्टमन देऊन गेला. दुपारचे साडेबारा झालेत.

परीक्षित मघापासून फोन लावतो आहे. तुझा लागतो, कोणी उचलत नाही. चारूचा बंद आहे. रेणूचा लागला पण ती बोलत नाही, परीक्षित म्हणतो तिकडून नुसता गाडीचा आवाज येतो. मला काही ऐकू येत नाही. तो माझ्याकडे पाठ करून बोलतो आहे म्हणजे मला त्याचे ओठ दिसू नयेत.

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा काय झालेलं असेल, मला ठाऊक नाही. तू शनिवार पाळतेस हे मला ठाऊक नव्हतं, शुभा. मी देवळाचं कॅलेंडर पाहिलं. मी पुजाऱ्यांना विचारलं.

परीक्षित वळला.

अहिल्या

डब्लिन, १५ नोव्हेंबर

वन्सं,

परीक्षितने तुम्हाला जे सांगितलं असेल ते थोडंच असणार. त्यालाही सगळं माहीत नाही. मी तिथे होते, म्हणून मी लिहिते. तुमचं शनिवारचं पत्र बुधवारी मिळालं.

सकाळी हे अंघोळ करून आले आणि टोपलीतलं केळं उचललं. मी म्हटलं, अहो, आज काय आहे? त्यांनी केळं पाहिलं आणि परत ठेवलं. ठेवताना माझ्याकडे बघून हसले. गोळी त्याआधीच घेऊन झाली होती, हे मला नंतर त्यांच्याच तोंडून कळलं. एअरपोर्टवर जाऊन खाऊ असा त्यांचा हिशेब असणार. मी बरोबर आहे म्हटल्यावर तो हिशेब बसला नाही.

तिथे हँगरमध्ये मुलांसाठी डोनट्सचा खोका ठेवला होता. एकाने तो यांच्यापुढे धरला. यांचा हात गेला. मी शाल सावरून खुर्चीवर बसले होते, यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खोका उर्वीपुढे केला. तिने खाल्लं. मला इतकं समाधान वाटलं वन्सं, की लोकांदेखत नेम पाळला. मी मनात हात जोडले.

मग विमानाभोवती फिरून दोघांनी सगळं तपासलं. उर्वी कागदावरचं एकेक मोठ्याने वाचत होती आणि हे ‘चेक’ म्हणत होते. त्या कागदात शेवटी वैमानिकाची स्वतःची तपासणी असते, झोप झाली का, औषध काही घेतलंय का, खाल्लंय का. मला इंग्रजी पटकन कळत नाही, पण एवढं कळलं. उर्वीने विचारलं आणि हे म्हणाले, “चेक.” तिने वर पाहिलं. तिला माहीत होतं आज संकष्टी आहे, मीच गाडीत सांगितलं होतं. पण आजोबांना खोटं कसं म्हणायचं? तिने खूण केली आणि कागद मिटला.

पाऊण तास उडाले. परत वळल्यावर काय झालं ते उर्वीने हॉस्पिटलात तुकड्यातुकड्याने सांगितलं. आजोबा जांभया द्यायला लागले. मग एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलायला लागले. मग इंग्रजी थांबलं. एअरपोर्टचा टॉवर विचारेल त्याला ते मराठीत उत्तर देत होते. तिला वाटलं गंमत करतात. मग तिने त्यांच्या हातातून रेडिओचं बटण घेतलं आणि स्वतः बोलली, तिचं नाव, वय आणि ‘माझे आजोबा आजारी आहेत.’ खालच्या माणसाने तिला धीर दिला, काय धरायचं, काय ढकलायचं ते सांगत गेला. पण ती पहिल्यांदाच बसली होती वन्सं. एअरपोर्टच्या अलीकडे मक्याची कापणी झालेलं शेत आहे, तिथे विमान गेलं. नाक जमिनीत, शेपूट वर. मी हँगरच्या दारातून पाहिलं. शाल अंगावर होती आणि मला वाटत होतं की हे असंच उतरतात.

उर्वीच्या डाव्या पायाचं एक ऑपरेशन झालं, दुसरं सोमवारी. तिला बोटं हलवायला सांगतात. ती सांगते, हलवते आहे. बोटं हलत नाहीत. डॉक्टर रेणूला बाहेर नेऊन बोलतात.

यांचं कंबरेचं हाड मोडलं आहे, बरगड्या गेल्या आहेत. तीन दिवस शुद्ध नव्हती. मंगळवारी डोळे उघडले. मी जवळ होते, रेणू नुकतीच मुलीकडे गेली होती. मला वाटलं उर्वीबद्दल विचारतील. ते म्हणाले, “ताईने कोणाला सांगितलं का?”

मी विचारलं, काय? तेव्हा त्यांना कळलं की मला माहीत नाही. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. नंतर मी विचारत गेले आणि ते हो म्हणत गेले.

म्हणजे तुम्हाला ऑक्टोबरपासून माहीत होतं. तुम्ही मला जांभया विचारल्यात, घाम विचारलात, मी ते टोचणं समजले. माझी चूक. पण नंतर तुम्हाला पक्कं कळलं, तेव्हा तुम्ही मला एक ओळ लिहिली नाहीत. त्यांना लिहिलीत. मला एवढंच लिहायचं होतं, शुभा, त्याला साखर आहे, खायला घाल. मी त्यांना माझ्या हाताने भरवलं असतं. त्या गणपतीला मी समजावलं असतं, नाहीतर त्याची मूर्ती पाण्यात ठेवून बसले असते. मी मॅट्रिक आहे, वेडी नाही.

तुम्ही भाऊ राखलात. मी नवस राखला. दोघींनी मिळून पोर विमानात बसवली. माझा वाटा मी कोणापासून लपवत नाही, रेणूला केळ्याचंही सांगितलं आहे आणि डोनटचंही. तेव्हापासून ती माझ्या हातचं जेवत नाही.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र लिहिलं.

विमानात बोललेलं सगळं टॉवरमध्ये टेप होतं. चौकशीला आलेल्या दोन माणसांनी गुरुवारी मला बसवून ते ऐकवलं. फार सभ्य माणसं आहेत, पाणी आणून दिलं. त्यांना यांचं मराठी कळत नव्हतं. मला अर्थ विचारला. यांचा आवाज लहान मुलासारखा येतो त्यात. खालून माणूस विचारतो आहे, उंची किती, आणि हे म्हणत आहेत, “ताई, खाल्लंय मी. खरंच खाल्लंय गं. तू नको सांगूस.”

मी इंग्रजीत सांगितलं, ते त्यांच्या बहिणीशी बोलत आहेत, जेवलो असं म्हणत आहेत. त्यांनी विचारलं, बहीण विमानात होती का? मी नाही म्हटलं. शेवटचं वाक्य मी सांगितलं नाही. वन्सं, आयुष्यात पहिल्यांदा मी सरकारी माणसांसमोर काही गाळलं, आणि ते तुमच्यासाठी गाळलं. पुन्हा गाळणार नाही.

रेणूने ती टेप मागितली आहे. तिचा हक्क आहे. येत्या गुरुवारी ते तिला ऐकवणार. हे पत्र बुधवारपर्यंत तुमच्या हातात पडावं म्हणून पोस्टात स्वतः जाऊन जादा तिकीट लावते आहे. परीक्षितला गाडी काढायला सांगा, विमानाने या, कशाही या, पण आधी या.

तुम्ही आला नाहीत तर मी तिच्या शेजारी बसेन, पण मला अर्थ सांगावा लागणार नाही. तिला मराठी चांगलं येतं. तुम्हीच शिकवलंय.

शुभा